धूर आमचा, अग्नी कुणाचा?

न्यायशास्त्र रचणाऱ्या मंडळींना फ्लॅटमध्ये राहावं लागलं नाही, हे त्यांचं भाग्य. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान तर्कशास्त्राच्या सुरुवातीच्या धड्यांतच येतं आणि त्याला दाखला दिला जातो स्वयंपाकघराचा. तिथे धूर असतो, तिथेच अग्नीही असतो. सिद्ध झालं, चला पुढे. अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ लिहिला तेव्हा डोंबिवलीत सात मजली इमारती नव्हत्या. आमच्याकडे धूर आमच्या बाथरूममध्ये असतो आणि अग्नी दुसऱ्याच कुणाच्या तरी. पक्ष, हेतू, व्याप्ती सगळं जागच्या जागी असूनही निष्कर्ष निघत नाही, कारण एका डक्टवर चौदा घरांच्या खिडक्या उघडतात.

डक्ट म्हणजे काय, हे फ्लॅटवाल्यांना सांगायला नको. इमारतीच्या पोटातली उभी, अंधारी पोकळी. तिच्यात सांडपाण्याचे पाइप असतात, कबुतरांचे संसार असतात आणि तळाशी वीस वर्षांत पडलेले कपड्यांचे चिमटे असतात. बिल्डरच्या नकाशात ही जागा वायुवीजनासाठी ठेवलेली असते. वायुवीजन होतंही. फक्त कुणाचा वायू कुणाकडे जाणार, एवढं नकाशात लिहिलेलं नसतं. गरम हवा वर जाते, हे शाळेत शिकलो तेव्हा त्याचा कुणाला त्रास होईल असं वाटलं नव्हतं. आता चौदा गीझर, चौदा आंघोळी आणि एक सिगारेट यांची मिळून जी गरम हवा होते, ती डक्टमधून वर चढते आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या काचपट्ट्या उघड्या दिसल्या की आत वळते.

वेळ ठरलेली. रात्री जेवणं आटोपून बायको दही लावायला उठते, त्या सुमारास. धूर आधी गीझरला वळसा घालतो, मग पॅसेजमध्ये वाळत घातलेल्या मुलीच्या युनिफॉर्मवर क्षणभर टेकतो आणि शेवटी बेडरूममध्ये येऊन मुक्काम ठोकतो. सकाळी मुलगी शाळेत जाते ती जणू रात्रभर पत्त्यांच्या क्लबात बसून आल्यासारखी.

शोध लावला आईने. डोंबिवलीत आयुष्य काढलेल्या माणसाचं नाक साधं नसतं. इथे वाऱ्याची झुळूक आली की ती एमआयडीसीच्या कोणत्या फेजमधून आली, हे लोक चहाचा कप खाली न ठेवता सांगतात. २०१४ साली या गावात हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, २०२० साली एक रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री येऊन गेले. अशा ठिकाणी तयार झालेल्या नाकाला सिगारेट म्हणजे बालवाडी. पहिल्याच रात्री आईने बाथरूमच्या दारात उभं राहून निदान केलं.

“सिगारेट आहे. आणि ओढणारा घाईत आहे.”

“घाईत कशावरून?”

“निवांत ओढणाऱ्याचा धूर थांबून थांबून येतो. हा भसाभसा आला आणि एकदम बंद झाला. चोरून ओढतोय मेला.”

बाकीचे संशयित मग आपोआप गळाले. पहिल्या मजल्यावरच्या आजींचा ऊद फक्त गुरुवारी असतो आणि त्याच्या मागे आरतीची घंटा ऐकू येते. तळमजल्यावरचे डासांची कॉइल लावतात. तिचं प्रकरण खरं तर गंभीर आहे. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजलेलं आहे. म्हणजे तळमजल्यावरचं ते शाकाहारी, निर्व्यसनी, पहाटे उठून प्राणायाम करणारं कुटुंब डासांच्या भीतीने रात्रभर काय ओढतंय, याचा हिशोब न केलेला बरा. पण कॉइलचा वास वेगळा आणि तो रात्रभर पुरतो. आमचा पाहुणा पाच-सात मिनिटांत आटपतो.

राहिले खालच्या मजल्यावरचे काका.

काका फोर्टमधल्या एका बँकेत आहेत, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. माणूस सज्जन. गणपतीची वर्गणी मागायच्या आधी देणारा. लिफ्टमध्ये भेटले की दार उघडून धरणारा. त्यांच्या तोंडाला नेहमी बडीशेपेचा वास येतो, आणि दिवसभर इतकी बडीशेप खाणाऱ्या माणसावर आम्हाला आधीच संशय यायला हवा होता.

आता इथे काकांची बाजू मांडणं मला भाग आहे, कारण ती मांडणारं दुसरं कुणी नाही. हा माणूस आमच्या बाथरूमखाली हौसेने आलेला नाही. त्याला तिथवर हाकलत आणलेलं आहे. काका नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात टेबलावर ॲशट्रे मिळत असे, स्टेपलरच्या शेजारी. थिएटरात पडद्याकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या झोतात धूर तरंगताना दिसायचा आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नसे. मग १९९९ साली केरळच्या उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. काकांना वाटलं, केरळ लांब आहे. पण आपल्या मुंबईचेच माजी महापौर मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने दवाखाने, शाळा, वाचनालयं, कचेऱ्या, नाट्यगृहं, रेल्वे, सगळीकडून धूर बाहेर काढायला सांगितलं. २००३ साली तंबाखूचा कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ ला, म्हणजे गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, नवे नियम लागू झाले आणि खासगी बँकेच्या केबिनीतही सोय राहिली नाही. दंड दोनशे रुपयांपर्यंत. लोकलमध्ये तर रेल्वेच्या १९८९ च्या कायद्याने आधीपासून मनाई आहेच, दंड शंभरपर्यंत. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवलीपर्यंतचा तास-सव्वा तास काका दुसऱ्याच्या काखेत नाक खुपसून, निर्धूम प्रवास करतात.

घरी आल्यावर हॉलमध्ये ओढायची सोय नाही, कारण पडदे. गॅलरीत नाही, कारण तुळस. इमारतीच्या फाटकाशी नाही, कारण तिथे काकूंच्या भिशीतल्या बायका शतपावली घालतात. सर्वोच्च न्यायालय, संसद, रेल्वे आणि तुळस एवढ्यांनी मिळून एका माणसाला ढकलत ढकलत जिथे नेऊन सोडलं, ती जागा नेमकी आमच्या बाथरूमखाली आहे. धूम्रपानबंदीचा देशाला फायदाच झाला, यात मला शंका नाही. उरलेला धूर कुठे जातो एवढंच मी सांगतोय.

उपाय पुष्कळांनी सुचवले. खिडकीला मच्छरदाणीची जाळी आहे, ती आम्ही बदलून बारीक बसवली. जाळीचं भोक साधारण एक मिलिमीटर आणि धुराचा कण एक मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे हजारपट लहान, हे जाळीवाल्याने पैसे घेतल्यानंतर आमच्या मुलीने सांगितलं. पुण्याच्या मेहुण्याने एअर प्युरिफायर घ्यायला लावला. तो कण धरतो, वास मात्र बराचसा जाऊ देतो. वासासाठी वेगळा कोळशाचा फिल्टर लागतो आणि तो मेहुणा देत नाही.

मग स्वयंपाकघरातल्या चिमणीची आठवण झाली. धूर बाहेर फेकण्यासाठीच तर ती घेतली होती, तेव्हा रात्री ती पूर्ण वेगात चालू ठेवावी, असा विचार केला. त्या रात्री एवढा धूर आला की आईने देवघराचं दार लावून घेतलं. कारण साधं आहे. चिमणीच्या जाहिरातीत तासाला १२०० घनमीटर हवा खेचण्याची ग्वाही असते. आमच्या ७० चौरस मीटरच्या घरात सगळी मिळून २०० घनमीटरच्या आतबाहेर हवा. चिमणीने त्यातली निम्मी जरी बाहेर फेकली, तरी तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. दारं-खिडक्या आम्हीच घट्ट लावून घेतलेल्या. उघडी राहिली ती बाथरूमची काचपट्टी. म्हणजे कर्जाच्या हप्त्यावर घेतलेली आमची चिमणी काकांचा धूर डक्टमधून हाताला धरून आत आणत होती.

एवढं सगळं करण्यापेक्षा खाली जाऊन काकांना सांगायचं, हा उपाय तुम्हाला सुचला असेल. तुम्ही मध्यमवर्गीय मराठी माणूस नसाल. आपल्याकडे वरच्या मजल्यावरून पाणी गळून खालच्याच्या पलंगावर पडलं, तरी खालचा आधी विचारतो, “काय, आज पाणी भरपूर आलं वाटतं?” मी काकांना लिफ्टमध्ये गाठून म्हटलं, “हल्ली हवेत काहीतरी आहे, नाही?” काका म्हणाले, “एमआयडीसी.” आणि बडीशेपेची डबी पुढे केली. मी घेतली.

बायकोला माझा हा कणा मान्य नव्हता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती काकूंकडे गेली ती विषय काढायचाच, असं ठरवून. काकूंनी वाटीत तिळगूळ दिला, वाण म्हणून झाकणाचा डबा दिला आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं, “ह्यांनी सिगारेट सोडली हो! गेल्या पाडव्यापासून शिवली नाही. मी म्हटलं होतं, एक तर ती घरात राहील नाही तर मी.” बायकांनी कौतुक केलं. कुणीतरी उपायही विचारून घेतला. काकूंच्या घरात खरोखरच धुराचा मागमूस नव्हता, असं बायको सांगते. पडदे स्वच्छ, हवा स्वच्छ, वातावरण मोगऱ्याच्या उदबत्तीचं. काकांनी बाथरूमला भारीतला एक्झॉस्ट फॅन बसवलाय, तो इमानेइतबारे सगळा धूर डक्टमध्ये फेकतो. त्या डक्टवरच्या घरांपैकी ज्या एकाच घरात काकांची सिगारेट पोचत नाही, ते काकांचं.

बायको डबा घेऊन परत आली. “मी नाही त्या माऊलीचं घर मोडणार,” म्हणाली. तेव्हापासून आम्ही नुसते पीडित राहिलो नाही, कटात सामील झालो.

कायद्याचा आधार तरी बघावा म्हणून एका वकील मित्राला विचारलं. त्याने फार उत्साहाने ऐकून घेतलं. तंबाखूचा कायदा सार्वजनिक जागेपुरता. स्वतःच्या घरात कुणी ओढली तर कायदा दाराबाहेर चपला काढून उभा राहतो. आसपास राहणाऱ्यांच्या आरोग्याला घातक होईल अशी हवा दूषित करणं हा मात्र गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत कलम २७८, दंड पाचशे रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम २८०, दंड हजारापर्यंत. “दुप्पट झालाय!” मित्र म्हणाला, जणू काही ही ठेवीची मुद्दल होती. पण त्या हवेने एकूण लोकांना अपाय होतो हे दाखवावं लागेल, आमची आई म्हणजे एकूण लोक नव्हे. आईला हे पटलं नाही.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर अमुक इतका घेतला तर चालतो, अशी सुरक्षित मर्यादाच नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. लहान मुलांचा दमा त्याने बळावतो, कानाची दुखणी वाढतात. त्यामुळे ‘जरासा वास तर येतो, एवढं काय’ म्हणणाऱ्यांना मी आमच्या पॅसेजमध्ये रात्रीच्या मुक्कामाचं आमंत्रण देऊन ठेवलंय. अजून कुणी आलेलं नाही.

आईचं म्हणणं वेगळंच. तिचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. सकाळी गॅलरीत ओळीने कोळशाच्या शेगड्या पेटायच्या, सगळ्या चाळीचे डोळे एकदम चुरचुरायचे आणि धूर कुणाचा हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण प्रत्येकाची शेगडी बाहेरच असायची. “तेव्हा चोरून काही नव्हतं,” ती म्हणते. तेव्हाही खोकून खोकून माणसं जायचीच, हे मी तिला सांगत नाही. चाळीच्या आठवणींच्या मध्ये वैद्यकशास्त्र आणू नये.

शेवटी विषय सोसायटीच्या सभेत गेला. सहकार कायद्याने वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, म्हणून आमची सभा २९ सप्टेंबरच्या रात्री पार्किंगमध्ये भरते. कोरम नसल्याने ती अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, त्याच सात माणसांत, पुन्हा सुरू होते. त्या वर्षी वेफर्स आणि सामोसे होते, त्यामुळे गर्दी बरी होती. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ आले तेव्हा मी उठलो आणि कुणाचंही नाव न घेता म्हणालो, की डक्टमध्ये कुणीतरी धूर सोडतं, त्याचा बंदोबस्त व्हावा.

त्यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणतात. चौथ्या मजल्यावरून बोंबलाचा विषय निघाला. रविवारी कुणाकडे तरी सुकट भाजतात म्हणे. ‘कुणाकडे तरी’ म्हणजे आमच्याकडे, हे सगळ्यांना माहीत होतं. ते बोलताना त्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघता माझ्या खुर्चीकडे बघितलं. सुकटीचा वास तासाभरात जातो आणि त्याने कुणाला दमा होत नाही, हे मी बजावलं. मग सहाव्या मजल्याने पाचव्याच्या मिरच्यांच्या खकाण्याची तक्रार केली. पाचव्याने सहाव्याच्या अग्निहोत्राची. अग्निहोत्राने हवा शुद्ध होते असं सहाव्याचं म्हणणं. शेणीच्या धुराने माझं सिलिंग काळं झालंय, ते शुद्ध करून द्या, असं पाचव्याचं. सेक्रेटरींनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे बंदी नक्की कशावर घालायची?”

तेव्हा काकू उठल्या.

“सिगारेटवर,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळं घरासाठी असतं. ही एकच गोष्ट माणूस फक्त स्वतःसाठी जाळतो. जो कुणी असेल त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावा. आमच्या ह्यांनी सोडली, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय?”

टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, ठराव मांडा. मी मांडला. अनुमोदन कुणाचं, असं विचारल्यावर पार्किंगमध्ये क्षणभर शांतता पसरली, आणि दुसऱ्या रांगेतून एक हात वर गेला. बडीशेपेची डबी धरलेला. इतिवृत्तात आजही नोंद आहे: डक्टमध्ये धूर सोडण्यास मनाई करावी, सूचक मी, अनुमोदक खालचे काका, ठराव एकमताने मंजूर.

काका शब्दाला जागले, हे मान्य केलं पाहिजे. त्या रात्रीपासून डक्टमध्ये धूर नाही. मुलीच्या युनिफॉर्मला आता साबणाचाच वास येतो. त्याच आठवड्यात काकांनी सोसायटीचं पाण्याचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. टाकी भरली का, फ्लोट अडकला का, हे बघायला ते रोज रात्री न चुकता गच्चीवर जातात, पाच-सात मिनिटांत खाली येतात. काकूंना नवऱ्याच्या समाजसेवेचा अभिमान आहे. इमारतीत पाण्याची टाकी इतक्या काळजीने यापूर्वी कुणी सांभाळलेली नाही, हेही खरं.

गेल्या महिन्यात सातव्या मजल्यावरच्यांनी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिलाय. रात्री त्यांच्या बेडरूमच्या खिडकीत वरून धूर उतरतो, असं त्यात लिहिलंय. गरम हवा वर जाते, खाली उतरत नाही, असं शास्त्रीय उत्तर समितीने तयार केलं होतं, पण गच्चीवर वारा असला की कठड्यावरचा धूर खालच्या खिडकीत शिरायला शास्त्राची हरकत नसते. अर्ज पुढच्या सभेपुढे येईल. चौकशीसाठी नेमलेल्या उपसमितीत पाणीखात्याचे म्हणून काका आहेत.

तेव्हा फ्लॅट बघायला जाणाऱ्यांना एक विनंती. पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळेल का, स्टेशन किती मिनिटांवर, हे सगळेच विचारतात. तेवढ्यावर थांबू नका. बाथरूमची खिडकी उघडा, डक्टमध्ये डोकं घाला आणि दीर्घ श्वास घ्या. वरचा मजला असेल तर गच्चीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. हे दुपारी करून उपयोग नाही, रात्री जेवणं झाल्यावर करा. त्या वेळी घर दाखवायला ब्रोकर नाही म्हणाला, तर तो फ्लॅट घेऊ नका.